धोंड्याच्या महिन्याचा हप्ता

दर तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो. त्याला आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात लग्न नाही, वास्तू नाही, नवी वस्तू घरात आणायची नाही. जावयाला तेवढं बोलावून अनारसे खाऊ घालायचे. जावयाची चंगळ आणि सासऱ्याचं दिवाळं, असा तो महिना. माझ्या पहिल्या नवऱ्याच्या वाट्याला अनारसे कधी आले नाहीत. अमडापूरजवळच्या एका मोठ्या शेतकऱ्याकडे तो सालदार होता, म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरलेल्या मजुरीवर राबणारा गडी. धोंड्याच्या साली ते वर्ष तेरा महिन्यांचं व्हायचं आणि मजुरी बाराच महिन्यांची मिळायची. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्यात मी त्याला विचारलं होतं, "ह्या महिन्याचं मालक काऊन देत नाई?"

"ह्या महिन्याले महिना म्हणतच नाई," तो म्हणाला. "हिशेबात धरत नसतेत."

मला ते पटलं नव्हतं. पण सगळा मुलूख तसंच म्हणत होता, तेव्हा मीही ते खरं मानलं.

पुढे तो तापाने गेला. मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. सासऱ्याचं शेत एवढंसं, घरात थोरला दीर, जाऊ, त्यांची पोरं. आम्ही दोघी तिथे नकोशा झालो होतो, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. आमच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, पण पहिल्या नवऱ्याचं मूल त्याच्या घरीच ठेवून बाईनं जायचं असतं. माझ्या भावाने पाटाची गोष्ट काढली तेव्हा मी सासऱ्याच्या पायाशी जाऊन बसले. म्हटलं, मी अमडापूरला खोली घेते, शिवणकाम करते, तुमच्याकडे दाणा मागणार नाही, पण पोरगी माझ्याजवळ राहू द्या.

सासऱ्यांनी गावचे पंच बोलावून घेतले. मग म्हणाले, "सोताच्या हातानं पोट भरशीन, तोवर पोरगी तुह्यापाशी. ज्या दिवशी दुसऱ्यापुढं हात पसरला, त्या दिवशी पोरगी आमची."

मी हाव म्हटलं. पंचांसमोर म्हटलं.

अमडापूरला मशिदीच्या गल्लीत एक दर्जी चाचा राहायचे. त्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्याने राहिले. चाचांनी मला कापायला शिकवलं, पाय चालवायला शिकवलं, आणि शिवणाची मशीन हप्त्यावर मिळते हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या चांदीच्या तोरड्या विकून पहिली रक्कम भरली. बाकीचे पैसे दरमहा पाच रुपयांनी फेडायचे होते. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशीन कागदोपत्री कंपनीचीच राहणार होती. इंग्रजी कागदावर मी अंगठा उठवला. मशीन गाडीतून उतरवली तेव्हा चाचीने तिची नजर काढली आणि मुलगी तिच्या चाकाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

मला गर्व चढला होता, हे सांगायला लाज कशाची? गावातल्या बायका चोळीचं कापड घेऊन माझ्या दारात बसायच्या. "जरा लवकर दे व बाई," असं म्हणायच्या. सासरी ज्या बाईला कुणी दुसऱ्यांदा भाकर वाढत नव्हतं तिला लोक विनवत होते. हप्ता न्यायला कंपनीचा एजंट दर महिन्याला बाजाराच्या दिवशी सायकलवर यायचा. मी पाच रुपये मोजून द्यायचे, तो पावती फाडून द्यायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

दुसऱ्या वर्षी वैशाख दोन आले. पहिला वैशाख धोंड्याचा. ऐन लग्नसराई, आणि महिनाभर एक लग्न नाही! ज्या बायकांनी चोळ्या टाकल्या होत्या त्याही म्हणाल्या, राहू दे, खऱ्या वैशाखात नेऊ. मशीन झाकून ठेवली. डब्यात पाच रुपये नव्हते. पण मला काळजी नव्हती, कारण धोंड्याचा महिना हिशेबात धरत नाहीत हे मला माहीत होतं. तेरावा महिना फुकट राबून माझ्या नवऱ्याने ते मला शिकवलं होतं.

एजंट आला. मी सांगितलं, "हप्ता पुढच्या महिन्यात. हा धोंड्याचा महिना हाय, हा धरत नाईत."

तो हसला. "बरं बाई. तुमचं पंचांग मोठं," म्हणाला. चहा प्याला आणि गेला. त्याचं हसणं मी होकार समजले, आणि अजूनही म्हणते, होकारच होता तो. नाही म्हणायचं असतं तर माणूस चहा पिऊन जात नाही.

खऱ्या वैशाखात मी इतकं शिवलं की पायाच्या पोटऱ्या सुजल्या. त्या महिन्याचा हप्ता दिला, ज्येष्ठाचा दिला, आषाढाचा दिला. पावसाळ्यात चिखल तुडवत एजंट यायचा आणि पैसे घेऊन जायचा. एका अक्षराने बोलला नाही. दिवाळी झाली आणि टपालाने एक छापील इंग्रजी कागद आला. शाळेच्या मास्तरांनी तो वाचला. वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक झाला. वैशाखाचा हप्ता चुकला, त्यावर दंड, पुढच्या प्रत्येक महिन्यावर दंड. सगळं मिळून तीन हप्त्यांहून जास्त रक्कम लगेच भरा, नाहीतर मशीन उचलून नेऊ. चुकलेला हप्ता एक आणि दंड त्याच्या दुपटीहून जास्त. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

"पण मी दर महिन्याले देऊन राह्यली," मी मास्तरांना म्हटलं. जणू तो कागद त्यांनीच लिहिला होता.

पुढच्या बाजाराला एजंटाला धरलं. तो म्हणाला, "मी फक्त वसुली करतो बाई. कचेरीत जाऊन विचारा."

कचेरी रेल्वेच्या गावी होती. चाचांनी दुकान बंद ठेवलं, मुलीला चाचीपाशी ठेवून आम्ही दोघं बैलगाडीने निघालो आणि दुसऱ्या दिवशी पोचलो. चाचा माझ्या मशीनला जामीन होते. कचेरीतल्या साहेबाने त्यांना खुर्ची दिली, मी खाली बसले. साहेब मराठीच होता, बोलायलाही सभ्य. त्याने माझा अंगठा असलेला कागद काढून समोर ठेवला आणि समजावून सांगितलं. वैशाखाचा हप्ता आला नाही म्हणून दंड लागला. मी पुढच्या महिन्यात जे पाच रुपये दिले त्यातून आधी दंड वळता झाला. त्यामुळे त्या महिन्याचा हप्ता तेवढा अपुरा पडला, म्हणून त्यावर पुन्हा दंड. असं दर महिन्याला.

"म्हणजे मी हप्ता देऊन राह्यली आणि तुमी दंड घेऊन राह्यले?"

"नियम तसा आहे बाई."

"मले कोणी सांगतलं काऊन नाई? तुमचा माणूस दर बाजाराले माह्या घरी चहा प्याला."

"कागदावर लिहिलेलं आहे."

मी धोंड्याचं सांगितलं. तो हसला नाही, एजंटापेक्षा तेवढा बरा. म्हणाला, "कंपनीचं वर्ष बारा महिन्यांचं असतं. कंपनी पंचांग पाहत नाही."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले. म्हटलं, "माहा नवरा धोंड्याचा महिना फुकट राबला, तवा सगळे म्हणत होते का हा महिना नाहीच. आता माह्यावर पाळी आली तर तो महिना झाला? राबाच्या वक्ती नाही आन द्याच्या वक्ती हाय, असा कसा हो हा महिना?"

साहेब कागद पाहत राहिला. कचेरीतले दोघं-तिघं कारकून माझ्याकडे वळून बघत होते. मी कमरेच्या पिशवीतून पाच रुपये काढले आणि टेबलावर ठेवले. "हा घ्या राह्यलेला हप्ता. दंडाचा एक पैसा देत नाई."

"हे मी घेतले तरी आधी दंडातच जमा होतील," तो म्हणाला.

मी झडप घालून पैसे परत उचलले. त्या माणसाला माझी दया येत होती, हे मला दिसत होतं, आणि त्याचा मला जास्त राग आला. दया यायची तर नियम मोडावा. नियम मोडायचा नाही तर दया स्वतःच्या घरी न्यावी. शेवटी तो म्हणाला, मुंबईच्या मोठ्या कचेरीला अर्ज करा, दंड कमी करायचा अधिकार त्यांनाच.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "बेटी, भरून टाक दंड. आधे मी देतो, आधे तू कुठून तरी कर."

मी नाही म्हटलं. चाचांचे पैसे घेतले आणि सासऱ्याच्या कानावर गेलं तर हात पसरला असं होणार होतं. आणि दुसरं कारण असं की जे मी देणं लागत नव्हते ते मी का द्यावं? माझा ताठा मला नडला असं पुढे भाऊ म्हणाला, जाऊ म्हणाली, सगळा गाव म्हणाला. मी अजून म्हणत नाही.

तहसिलीच्या बाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्जनवीसाकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. तोही फुकट लिहीत नव्हता. "एजंट चहा पिऊन गेला हे लिवा," असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. त्याने ते लिहिलं की नाही कोण जाणे. अर्ज टपालात पडला आणि मी परत येऊन मशीनवर बसले.

 त्या दिवसांत गल्लीत सायकलची घंटी वाजली की मशीनवरचा पाय थांबायचा. मुंबईचं उत्तर आधी येतं की एजंट आधी येतो, एवढाच विचार डोक्यात. जेवण गोड लागेना. मुलगी चिंध्यांची बाहुली करून मला दाखवायला यायची आणि मी तिच्यावर खेकसायचे. मग तिलाच जवळ ओढून रडायचे. ती माझे डोळे पुसायची आणि विचारायची, "सुई टोचली का माय?" मी म्हणायचे, हाव, सुई टोचली. दर बाजाराला मी पोस्टमनच्या मागे लागायचे. तो बिचारा मला पाहून रस्ता बदलायला लागला. मधल्या महिन्यांत एजंट आला नाही. मी त्याचे पाच-पाच रुपये वेगळे बांधून ठेवत होते, म्हणजे कुणी असं म्हणायला नको की बाईची नियत फिरली.

माघात एका बाजाराच्या दिवशी तो आला. सायकलवर नव्हता. भाड्याची बैलगाडी आणि दोन हमाल घेऊन आला होता. मशीनवर एका नवरीची हिरवी चोळी होती, एक बाही लागलेली, दुसरी सुईखाली. चाचा दुकानातून धावत आले. "अर्ज दिलाय ना. जवाब तर येऊ दे, भल्या माणसा!" असं म्हणत राहिले. मी बांधून ठेवलेले हप्ते एजंटापुढे केले. त्याने कचेरीचा हुकूम दाखवला. मी मशीन सोडली नाही. दोन्ही हातांनी तिला कवटाळून बसले. बाजारातले लोक दारात गोळा झाले. कुणी तरी म्हणालं, "सोड व बाई, कंपनीची हाय ते." एजंटाने वाकून स्वतःच धागा तोडला, चोळी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि हमालांना खूण केली. माझ्या मांडीवर अर्धी चोळी आणि दारात चाललेली गाडी, एवढंच मला दिसत होतं. मी ओरडले की नाही तेही आठवत नाही. चाची सांगायची की ओरडले, आणि मशिदीतून माणसं बाहेर आली.

ती चोळी मी हाताने पुरी केली. पण हाताने शिवलेली चोळी आता कुणाला नको होती. बायकांना मशीनची टीप पाहायची सवय मीच लावली होती ना! कापूस वेचून झालेला, शेतात काम नाही. बांधून ठेवलेल्या हप्त्यांवर जगायचं म्हटलं तरी मुंबईहून उत्तर आलं तर पैसे लगेच भरता यावेत म्हणून मी त्या गाठोड्याला हात लावला नाही. मूर्खपणा म्हणा. मला वाटत होतं, उत्तर येणारच. घरात पीठ संपलं तेव्हा चाचीने दोन पायल्या ज्वारी आणून दिली. मी घेतली. उसनी म्हणून घेतली.

सासऱ्याच्या कानावर जायला वेळ लागला नाही. दिराला घेऊन ते गाडीने आले. मी म्हटलं, उसनी हाय, फेडणार हाय. ते म्हणाले, "हात पसरला का नाई? एवढं सांग." बरोबर आलेले पंच तेच होते.  पोरगी दारात खेळत होती. दिराने तिला उचलून गाडीत बसवलं तेव्हा तिला वाटलं फिरायला चाललो आहोत. गाडी हलली आणि मी खालीच उभी आहे हे तिला दिसलं, तेव्हा ती माझ्याकडे हात करून रडायला लागली. मी गाडीबरोबर चालत गेले. म्हटलं, "मशीन आली का मी तुले न्याले येतो बाई. मशीन येऊ दे." वेशीपाशी दिराने बैलांना हाकललं आणि मी मागे राहिले.

महिन्याभरात भावाने पाट ठरवला. मी विरोध केला नाही. कशासाठी करायचा होता? ज्याच्यासाठी दोन वर्षं पाय झिजवले ते घरातून गेलं होतं. बीबी गावचा माणूस होता, दोरखंडाचं दुकान, पहिली बायको गेलेली, घरात दोन मुलं. पाटाला वाजंत्री नसते. मी बीबीला आले आणि दुसऱ्याच्या पोरांना जेवू घालू लागले. ती पोरं चांगली होती. त्यांचा मला राग यायचा आणि मग रागाची लाज वाटायची.

ज्येष्ठात मुंबईचं उत्तर आलं. चाचांनी ते अमडापूरहून कुणाच्या तरी हाती बीबीला पाठवलं. यजमानांनी, म्हणजे ह्या दुसऱ्या नवऱ्याने, ते कुणाकडून तरी वाचून घेतलं. कंपनीने माझ्या अर्जाचा विचार केला होता. एजंटाने वेळेवर समज दिली नाही असं त्यांना आढळलं होतं. विशेष बाब म्हणून सगळा दंड माफ करण्यात येत होता. मशीन मात्र दरम्यान दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली गेली होती, तरी मला हवी असल्यास पहिली रक्कम भरून नवीन मशीन हप्त्याने घेता येईल.

वरातीमागून घोडं! आणि वर म्हणे माफ. माफ कशाबद्दल? मी कुणाचं काय केलं होतं? मी तो कागद फाडायला घेतला होता. मग एकदम मनात आलं, हा कागद म्हणजे पुरावाच की. मी चुकले नव्हते, असं मुंबईच्या साहेबांनी लिहून दिलं होतं. मशीन चुकीने नेली म्हणून पीठ संपलं, पीठ संपलं म्हणून ज्वारी घेतली. म्हणजे हात पसरला तो माझ्या दोषाने नव्हे. मला हे दिवसासारखं स्वच्छ दिसलं. यजमानांना म्हटलं, मला पोरगी आणायला जायचं आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. "चाल," म्हणाले. "माह्या घरात दोन जेवतात तशी तिसरी जेवीन." त्या माणसाचे उपकार मी कधी विसरले नाही.

मोटारीने, मग पायी, असे आम्ही माझ्या पहिल्या सासरी पोचलो. यजमान गावाबाहेर लिंबाखाली थांबले, त्यांनी त्या घरात येणं बरं दिसलं नसतं. मी एकटी गेले. पोरगी अंगणात जावेच्या पोरांबरोबर होती. मला पाहिलं आणि धावत येऊन लुगड्याला बिलगली. मग मान मागे करून माझ्या मागे, दाराकडे पाहायला लागली.

"मशीन कुठी हाय, माय?"

मी तिला कडेवर घेतलं आणि कागद सासऱ्यांपुढे केला. थोरल्या दिराला थोडं वाचता येत होतं, पण इंग्रजी नव्हे, म्हणून मीच सगळं तोंडी सांगितलं. दंड माफ झाला. चूक कंपनीच्या माणसाची होती. माझी नव्हती. सासू, जाऊ, सगळे ऐकत होते. सासऱ्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, त्यावरचा शिक्का बोटाने चाचपला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनाही माझं म्हणणं कळलं होतं, हे मला दिसत होतं.

"हा कागद मशीनीचा हाय बाई," ते म्हणाले. "पोरीचा कुठी हाय?"

 जाऊ पुढे आली आणि तिने माझ्या कडेवरून पोरगी घेतली. पोरगी रडली नाही. मशीन आली नव्हती, तेव्हा माय नेणार नाही, हे तिला समजलं होतं. सासऱ्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला आणि बैल सोडायला गोठ्यात गेले.